टँकर पहिल्या गिअरमध्ये होता

ती घटना आजही आधी आठवते ती माझ्या डाव्या पायाला. मुलीच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत चालवायला बसलो की हा पाय क्लच शोधत खालच्या मॅटवर चाचपडत राहतो. मुलगी हसते. म्हणते, "बाबा, तिथं काही नाहीये." तिथं काही नाही हे मलाही कळतं. पण एका माणसाची आयुष्यभराची पुण्याई त्याच जागेवर अडकली होती, हे तिला एका वाक्यात कसं सांगणार?

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष चालू होतं. हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, पोरं तिथे क्रिकेट खेळत. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. तलावाच्या बाजूच्या चढावर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, घरं आधी आणि जलवाहिनी नंतर अशा क्रमाने. माझ्या पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीतल्या निम्म्या नोंदी पाण्याच्या असत. टँकर अडवला, पाइप कापला, रांगेत आईबहिणीवरून शिव्या दिल्या. चोऱ्या आणि मारामाऱ्या परवडल्या, पण पाण्याची रांग नको, असं आमचे ठाणे अंमलदार म्हणायचे.

एके दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. चढावरच्या एका वसाहतीत पाण्याचा टँकर सुटला, उतारावरून खाली घसरला आणि कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानावर जाऊन विजेच्या खांबाला अडकला. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या शिंप्याचा उजवा पाय चाकाखाली चेंगरला होता.

मी पोचलो तेव्हा जखमीला दवाखान्यात हलवलं होतं. वरच्याच एका बंगल्यातला तरुण इंजिनिअर त्याला घरच्या गाडीत घालून घेऊन गेला होता. टँकरचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसला होता. साठीला टेकलेला, अंगात खाकी शर्ट, आणि लोकांनी दोनचार थोबाडीत दिलेल्या असल्यामुळे गाल सुजलेला. सगळी वसाहत त्याला मामा म्हणायची. चौतीस वर्षं स्टिअरिंग हातात, आणि लायसन्सवर एक ओरखडा नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती लपवून ही हकीकत सांगता येणार नाही. खांब वाकला होता, तारा लोंबत होत्या, वाहतूक तुंबली होती. मी आमच्या चालकाला टँकर बाजूला घ्यायला सांगितलं. त्याने चढून सवयीने, न बघता गाडी न्यूट्रल केली आणि मागे घेतली. पंचनामा त्यानंतर झाला. टँकर कोणत्या गिअरमध्ये होता, हँडब्रेक वर होता की खाली, यातलं काहीही आम्ही बघितलं नव्हतं. इतकी वर्षं खात्यात काढून मी नवख्या शिपायासारखं वागलो होतो.

हयगयीने गाडी चालवणं आणि गंभीर दुखापत करणं यासाठी मामांवर भारतीय दंड संहितेचं कलम २७९ आणि ३३८ लावलं. कलमं जामिनाची होती, संध्याकाळी जामीन झाला. त्याआधी मी जबाब घेतला.

"गाडी उतारावर उभी करताना काय केलं?"

"जे रोज करतो तेच साहेब. हँडब्रेक वढला. पन जुन्या गाडीच्या हँडब्रेकचा भरवसा नाय, म्हनून पहिल्या गिअरात टाकली. अन् पुढच्या चाकाला आपला दगड लावला."

"आपला म्हणजे?"

"माझा. केबिनीतच असतो. काळा हाय, एका बाजूनं घासलेला. बारा वर्सं झाली, तोच वापरतो."

"चावी?"

मामांनी मान खाली घातली. "चावी गाडीतच व्हती. ती चूक माझी. पाइप टाकायला मागं गेलो, हौदात पानी सोडत व्हतो. पान्याच्या आवाजात पुढं काय झालं ते कळलंच नाय."

मग स्वतःहून म्हणाले, "साहेब, गिअर टाकला असं मी म्हनतो खरं. पन टाकला असता तर गाडी सुटली कशी? वय झालं. हातानं दगा दिला असंल. लिहून घ्या, मी कबूल करतो. त्या शिंप्याचा पाय माझ्या हातानं गेला."

पोलिसाला कबुलीजबाब मिळाला की खरं तर बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. चौतीस वर्षं ज्या हाताने पोट भरलं त्या हातावरच या माणसाचा भरवसा उडत होता. तो खटल्यात हरला असता तर लायसन्स गेलं असतं, पण त्याआधीच तो आतून हरत होता. मी कबुली लिहून घेतली नाही. "आधी तपास होऊ द्या," म्हणालो.

बारा साक्षीदार मिळाले आणि बाराही जण निरुपयोगी ठरले. याचं कारण मी नंतर प्रशिक्षणार्थींना अनेकदा सांगितलं. टँकर हलला तसा हौदातला पाइप उपसून बाहेर आला आणि रस्त्यावर पाण्याचा लोट सुटला. दुष्काळातली माणसं ती! कोणी हंडा घेऊन धावलं, कोणी बादली, एका बाईने तर डोक्यावरचं घमेलं पुढे केलं. पाणी कुठून कुठे वाहिलं, कोणाच्या अंगणात शिरलं, हे बाराही जणांनी बारकाईने सांगितलं. टँकरच्या केबिनीकडे मात्र एकानेही बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ठाण्यात आली. त्या वसाहतीत चार घरची धुणीभांडी करणारी. बराच वेळ दाराशीच उभी होती. महिला हवालदारांनी आत आणलं तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "साहेब, सांगायची लाज वाटते. शिंपीदादा वरडत व्हता अन् मी हंडा भरत व्हते."

"सगळेच भरत होते, ताई. पुढं सांगा."

"हंडा भरला, मग भितीपाशी एका दगडावर टेकवला. घरी गेल्यावर ध्यानात आलं, तो मामाचा दगड व्हता. काळा, घासलेला. मामानं तो चाकाला लावताना मी सवता बघितला व्हता. मग भितीपाशी कुनी नेऊन ठेवला?"

मी लगेच दोन पंच घेऊन तिच्यासोबत गेलो. दगड अजून तिथेच होता, एका बंगल्याच्या फाटकाशेजारी, भिंतीला लागून, नीट ठेवलेला. चाकाने ढकललेला दगड असा बसत नाही. हा दगड कोणीतरी वाकून उचलला होता, आणि उचलणाऱ्याला टँकर पुढे न्यायचा होता. दगड मुद्देमाल म्हणून जप्त केला. पंचांपैकी एकाला हसू आवरेना. मी पंचनाम्यात शांतपणे लिहायला लावलं : काळा दगड, एक नग.

फाटक होतं त्या तरुण इंजिनिअरच्या घराचं. जखमीला दवाखान्यात नेणारा तोच. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता. वसाहत त्याचं कौतुक करत होती आणि खोटं कशाला बोलू, मीही केलं होतं.

परत येऊन मी मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल काढला. टँकरचे पायब्रेक उत्तम होते. मग सगळे जबाब पुन्हा वाचायला घेतले. "गाडी सुटली," "गाडी आपोआप निघाली," असं प्रत्येकाने म्हटलं होतं. एकट्या त्या इंजिनिअर मुलाच्या जबाबात वेगळं वाक्य होतं : "टँकरचे ब्रेक फेल होते, ब्रेक लागतच नव्हते." पहिल्यांदा वाचताना ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. या वेळी मी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. केबिन रिकामी असेल तर ब्रेक लागतात की नाही हे बघणार कोण?

मुलाला बोलावलं. सोबत वडील आले, चांगल्या हुद्द्यावरचे, आवाज चढवूनच आत शिरले. "अहो, याने माणूस वाचवला आणि तुम्ही यालाच चौकशीला बोलावता? मी वर बोलेन."

"जरूर बोला," मी म्हणालो. "तोवर चहा घ्या."

वर बोलणं झालंच. तासाभरात मला फोन आला, ड्रायव्हरची कबुली असताना प्रकरण कशाला ताणता, असं विचारलं गेलं. मी सांगितलं, "सर, कबुली नाही. दगड आहे." पलीकडून फोन ठेवला गेला.

मी मुलाला विचारलं, "गाडी कोणती चालवतोस?"

"ऑटोमॅटिक, सर. वडिलांची."

"त्याआधी?"

"स्कूटी."

म्हणजे क्लचशी या पोराची कधी गाठच पडली नव्हती. मी त्याला बाहेर नेलं. ठाण्याच्या आवारात आमची जुनी जीप फाटकाकडच्या किंचित उतारावर उभी होती, पहिल्या गिअरमध्ये. पुढे दहा पावलांत कोणी फिरकणार नाही अशी व्यवस्था केली होती. त्याला स्टिअरिंगवर बसवलं, मी बाजूला बसलो, हात हँडब्रेकवर ठेवला.

"चालू कर."

त्याने खाली बघितलं. तीन पेडल. त्याच्या गाडीत दोनच, आणि डावीकडचं ब्रेकचं. उजवा पाय सरळ उचलून त्याने सगळ्यात डावीकडच्या पेडलवर ठेवला आणि जोरात दाबला. मग चावी फिरवली. इंजिन चालू झालं. मी हँडब्रेक सोडला.

क्लच दाबलेला असल्यावर गिअर असून नसल्यासारखा. जीप हळूच पुढे सरकू लागली. त्याने ते पेडल आणखी जोरात दाबलं. जीप चालतच राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी हँडब्रेक ओढला आणि जीप थांबली, तरी त्याचा पाय त्या पेडलवर तसाच होता, सगळ्या ताकदीनिशी.

"सर, मी ब्रेक दाबला होता," तो रडत म्हणाला. "तेव्हाही दाबला होता. देवाशपथ, पूर्ण दाबला होता."

मग सगळं बाहेर आलं. वाळूजच्या एका कारखान्यात त्याची मुलाखत होती. टँकर फाटकासमोर. हॉर्न वाजवला, तर मामा मागून ओरडले, "पंधरा मिंटं थांब भाऊ, हौद भरतोय." पंधरा मिनिटं त्याच्याकडे नव्हती. चारच फूट पुढे घ्यायचा, त्यात काय, असं वाटलं. दगड उचलून भिंतीला ठेवला, चढला, 'ब्रेक' दाबला, चावी फिरवली, हँडब्रेक सोडला. खांबाला धडकेपर्यंत त्याने पेडलवरचा पाय काढला नाही. काढला असता तर टँकर पहिल्या गिअरमध्ये अडखळून कदाचित थांबलाही असता. धडक बसताच पाय काढला, तसा टँकरने हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं, म्हणजे गाडी गिअरमध्येच होती. त्याने उडी मारली, आणि शिंप्याजवळ सगळ्यात आधी पोचला तोही तोच.

वडील ठाण्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मीच शिकवली याला गाडी," एवढंच म्हणाले.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. त्यामुळे मी मुलाला सांगितलं की वकिलाला विचार, घरी जा, आणि ठरव. दोन दिवसांनी तो आपणहून आला आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. त्या पोराबद्दल मला राग होता आणि आजही थोडा आहे, कारण त्याच्या डोळ्यांदेखत मामांच्या थोबाडीत बसत होत्या तेव्हा त्याने तोंड उघडलं नव्हतं. पण शेवटी उघडलं, हेही मी विसरत नाही. शिंप्याचा पाय डॉक्टरांनी वाचवला. लंगडतो, पण शिलाई मशीन चालवतो. त्याला पायाने चालवायचं मशीन जमेना म्हणून मोटारीचं मशीन त्या मुलानेच आणून दिलं.

मामांना सांगायला मी शिपाई पाठवला नाही, स्वतः गेलो. पत्र्याच्या खोलीबाहेर बाजेवर बसले होते. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नव्हता. मी म्हणालो, "मामा, तुमच्यावरचा अपघाताचा गुन्हा काढतोय. चावी गाडीत ठेवली त्याची समज मात्र मिळेल."

सुटलो का, असं त्यांनी विचारलं नाही. कोणी केलं तेही विचारलं नाही. उजव्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "म्हंजी गिअर टाकलेला व्हता ना साहेब?"

"टाकलेला होता. पहिल्यात."

"पहिल्यातच ना?"

"पहिल्यातच, मामा."

त्यांनी तो हात तोंडाला लावला आणि हमसून रडले. नोकरीत मला पदकं मिळाली, बक्षिसं मिळाली, पण त्या बाजेशेजारी उभं राहून जे वाटलं ते परत कधी वाटलं नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. आपण साक्षीदाराच्या डोळ्यांवर फार विसंबतो. डोळे आपल्या गरजेकडे बघतात, दुष्काळात ते पाण्याकडे बघतात. माणसाच्या हातापायांची सवय मात्र खोटं बोलत नाही, तिला नीट विचारावं लागतं. आणि कबुली देणारा माणूस कधी कधी गुन्ह्याने नाही, थकव्याने बोलत असतो. ते ओळखायला तपासी अंमलदाराने दोन दिवस जास्त घेतले तर काही बिघडत नाही.

मुलीला मी आता माझ्या जुन्या गाडीवर क्लच शिकवतोय. तिला गरज नाही, हे मान्य आहे. तरी शिकवतोय.

राहिला दगड. तो त्या मुलावरचा खटला संपेपर्यंत आमच्या मुद्देमाल कक्षात कपाटाखाली पडून होता. मामा महिन्यातून एकदा ठाण्यात चक्कर मारत आणि विचारत, "साहेब, माझा दगड कधी मिळंल?" सगळे हसत. मी सांगे, कोर्टाचा आदेश होऊ द्या. तो झाला तेव्हा ते टँकर घेऊनच आले. मुद्देमाल पावतीवर सही केली : काळा दगड, एक नग, मिळाला. दगड दोन्ही हातांनी उचलून बाहेर गेले. टँकर उभा होता ती जागा सपाट होती. तरी मामा खाली वाकले आणि पुढच्या चाकाला दगड लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता चहा पाजा साहेब."