भाऊजींना हरवण्यासाठी

मी पुन्हा कॅरम खेळायला लागले ते माझ्या धाकट्या दिराला चारचौघांत हरवायचं म्हणून. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं.

छंद सोडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. आधी क्रोशा झाला, मग जलरंग, मग पेटी. पेटीवर तीन अलंकार बसले आणि चौथ्याला कंटाळा आला. कॅरम त्यातल्या त्यात टिकला. तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि नवरा रोज जेवणाआधी एक डाव टाकायचो. पाच महिने चाललं. मग त्याला मोबाइल बरा वाटू लागला आणि मला तर काहीच बरं वाटेना. बोर्ड कपाटामागे गेला.

भाऊजी सांडोरला जाऊबाई आणि सासूबाईंबरोबर राहतात, केळीची वाडी बघतात. कॅरममध्ये गावात त्यांना तोड नाही. त्या वर्षी गणपतीत सगळे जमलेले असताना दुपारच्या जेवणानंतर त्यांनी माझी नक्कल केली. नवा छंद लागला की मी कशी डोळे मोठे करून बोलते, सामान आणायला कशी धावते आणि महिनाभराने त्याच सामानावरची धूळ कशी झटकते, हे सगळं हावभावांसकट. शेवटी हात जोडून म्हणाले, "वहिनींच्या छंदांचं एकदा वर्षश्राद्ध घालून टाकू या. एकाच पंगतीत सगळे उरकतील."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा हसला, वर त्याने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मीही हसले. त्यांचं बोलणं खोटं असतं तर मी विसरूनही गेले असते. ते खरं होतं, म्हणून त्यांना माफ करणं मला जमलं नाही.

घरी बोर्ड काढला असता तर नवऱ्याने आठ दिवसांत सांडोरला कळवलं असतं. म्हणून मी कामाच्या ठिकाणी सुरुवात केली. सातिवलीत खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑफिसचं काम बघते. तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये एक कॅरम होता आणि जेवणाच्या सुट्टीत एक मशीन ऑपरेटर त्यावर एकटेच खेळत बसायचे. निवृत्तीला आलेले, खाडीकडच्या गावचे. मला शिकवाल का, असं विचारून मी दोन शॉट मारून दाखवले. ते म्हणाले, आधी राग कुणावर आहे ते सांगा, स्ट्रायकर फार जोरात जातोय. मी सगळं सांगितलं. त्यांना ते कारण मुळीच वाईट वाटलं नाही.

त्यांनी एकच अट घातली. "रोज धा शॉट मारायचे. मन नाय झाला तरी धा. मन झाला तरी धाच."

सुरुवातीला दहा फारच कमी वाटायचे. अकराव्यासाठी हात शिवशिवायचा आणि ते स्ट्रायकर उचलून खिशात टाकायचे. दिवाळीनंतर माझं नेहमीचं दुखणं वर आलं. बोर्ड बघितला की जांभई यायची. तेव्हा कामाला जाताना रिक्षात मी तो व्हिडिओ लावायचे. नवऱ्याचं हसणं नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवून. शेडमध्ये पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं आणि दहा शॉट होऊन जायचे.

मार्चमध्ये एकदा तो बघताना मला हसू आलं. नक्कल खरोखरच चांगली होती. मी घाबरले. राग संपला तर मला खेळायला लावणारं दुसरं काही नव्हतं. त्या दुपारी मी ऑपरेटरना म्हणाले, आज नको. त्यांनी बोर्डावर पावडर टाकली आणि माझ्यासाठी स्टूल सरकवलं. मी रागाशिवाय, इच्छेशिवाय दहा शॉट मारले. त्यातले सहा गेले. इतके आधी कधीच गेले नव्हते.

पुढच्या गणपतीत ओटीवर बोर्ड मांडला होता, भाऊजींचे मित्र आले होते. मी म्हणाले, "भाऊजी, तीन डाव माझ्याशी."

त्यांनी नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि उदारपणे ब्रेक मला दिला. पहिला डाव ते जिंकले, पण जिंकेपर्यंत त्यांचं हसू गेलं होतं. दुसऱ्यात मी राणी घेतली, कव्हर केली आणि त्यांच्या पाच सोंगट्या शिल्लक असताना डाव संपवला. ते म्हणाले, हवा दमट आहे, बोर्ड जड चालतोय. मी स्वतः बोर्ड पुसला, नवी पावडर टाकली, त्यांना हवी ती बाजू दिली. तिसऱ्या डावात हरताना त्यांच्याकडे एकही सबब उरू नये, एवढीच माझी इच्छा होती. तशी एकही सबब उरली नाही. शेवटची सोंगटी मी मुद्दाम सावकाश घातली.

नवरा मोबाइल धरून उभाच होता. मी म्हणाले, "ग्रुपवर टाक."

सूड घेतल्यावर रितं रितं वाटतं, असं लोक सांगतात. मला तसं काही झालं नाही. भाऊजी केळी बघून येतो म्हणून वाडीत निघून गेले आणि मी दोन मोदक जास्त खाल्ले.

सोमवारी ऑपरेटरनी विचारलं, "आता कोनासाठी खेलनार?" मी स्टूल ओढलं आणि दहा शॉट मारले. पुढे ते निवृत्त झाले. आता पॅकिंगमधल्या दोघी माझ्याबरोबर खेळतात.

गेल्या आठवड्यात जाऊबाईचा फोन आला. भाऊजी हल्ली वाडीतून आले की दार लावून तासभर बोर्डावर बसतात आणि कुणाला सांगू नकोस म्हणतात. राणी काही केल्या त्यांना जमत नाहीये म्हणे. मी तिला सांगितलं, रोज कळवत जा.