पाटावरची काच

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवीला रबरबँड. फ्रिजच्या हँडलला मी शिवलेला कपडा आहे, मिक्सरला टोपी आहे. प्रवासाच्या बॅगेला कव्हर आहे, आणि ते कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर उशीची जुनी खोळ. देव्हाऱ्यातल्या तसबिरींनाही काच आहेच, म्हणजे आमच्याकडे देवसुद्धा कव्हरमध्येच राहतात आणि त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

अशा घरात मुलीने कॅमेरा आणला आणि त्याच्या मागच्या स्क्रीनला काच लावणार नाही म्हणून सांगितलं.

मला वाटलं, विसरली असेल. मी म्हटलं, "स्टेशनबाहेर तो मोबाइलला काच लावणारा बसतो ना, त्याच्याकडे जा."

"नाही लावायची गं आई. याची स्वतःची काच चांगली कडक आहे. आणि हे बघ." तिने स्क्रीन खिडकीच्या झडपेसारखा बाहेर उघडला, गोल फिरवला, मग त्याचं तोंड आत करून खट्कन बंद केला. "काम झालं की हा असा तोंड लपवून बसतो. त्याला ओरखडा येणार कुठून? वर काच चिकटवली तर जाड होईल आणि नीट मिटणारच नाही."

काम झालं की तोंड लपवून बसणारा कॅमेरा मला तेव्हाच आवडला. माझाही स्वभाव तसाच. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी बऱ्याच फोटोंत नारळाच्या मागे आहे.

माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याचं मत काचेच्या बाजूने होतं, कारण त्याचा मोबाइल सारखा पडतो आणि दर वेळी वरची काच फुटून मोबाइल वाचतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही पाडता म्हणून फुटते. मी हा गळ्यात घालते."

"तुला कळत नाही. नव्या बिल्डिंगच्या लिफ्टला आतून प्लायवूड मारतात, माहितीय? आतलं स्टील खराब होऊ नये म्हणून. मुलुंडला एका ठिकाणी मी स्वतः काढलं. आत स्टील काय झकास! जसं काल बसवलं."

"आणि प्लायवूड काढलं कशासाठी?"

"बिल्डिंग पाडायची होती."

मुलीने नुसते माझ्याकडे बघून हात जोडले.

हे सगळं होत असताना सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या आणि त्यांचं कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं. म्हणजे लक्ष होतं, पण ते नाही असं दाखवण्यात त्या पटाईत आहेत. मुलीने पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवरची कायमची नोकरी सोडून बारशी आणि साखरपुड्यांचे फोटो काढायला घेतले होते, आणि त्यामुळेच घरात आजी-नातीचं बोलणं जेवणापुरतं उरलंय असं मला वाटत होतं. "वाढ", "पुरे", "पाणी".

दसरा जवळ आला तेव्हा गोष्ट चिघळली.

आमच्याकडे दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडतात. हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते. सासरे मिलमध्ये फिटर होते. मिल गेली, सासरेही गेले, पण त्यांचा पाना दर वर्षी पत्र्याच्या पेटीतून निघतो, तेल पिऊन पाटावर बसतो. त्याच्या शेजारी नवऱ्याची पक्कड आणि मी ब्लाउज शिवते ती कात्री. मुलगी लॅबमध्ये लागली त्या वर्षी तिचं ओळखपत्रही पाटावर गेलं. सासूबाईंनी त्यातल्या फोटोच्या बरोबर कपाळावर ओलं कुंकू लावलं. मुलीने ते पुसलं नाही. लॅबमध्ये पेशंट विचारायचे, "मॅडम, तुमच्या कार्डाला रक्त लागलंय का?"

तर या वेळी नवरा पाट धुवायला काढताना सहज म्हणाला, "कॅमेरा कुठे ठेवायचा? पान्याच्या उजव्या अंगाला ठेवू?"

सासूबाई म्हणाल्या, "पाटावर हत्यारां ठेवतत. खेळणी नाय."

मुलगी आरशासमोर केस विंचरत होती. विंचरत राहिली. पण केस कधीच विंचरून झाले होते आणि कंगवा उगाच फिरत होता, हे मला पाठीमागून दिसत होतं. तिला कोणी फोटो चांगले म्हटले नाहीत तर चालतं, दोन पार्ट्यांनी ऑर्डर कॅन्सल केली तेव्हाही ती रडली नव्हती. पण घरातल्या कामकऱ्यांच्या रांगेतून आपल्याला काढलं, हे तिला लागलं.

मी भांडणात पडत नाही. मी फार बोलत नाही म्हणून लोक मला सगळं सांगतात, त्यांना वाटतं भिंतीला सांगितलं. सासूबाईंबरोबर झेंडूची फुलं निवडत बसले होते, तेव्हा त्यांनी भिंतीला सांगितलं.

"ज्येका हात लावूचो नाय, त्येची पूजा कशी करू? लांबसून?"

मग मला आठवलं. कॅमेरा आला त्याच दिवशी मुलीने आजीचा फोटो काढला होता, बांगडे साफ करताना. सासूबाई बघायला म्हणून हौसेने आल्या आणि त्यांनी स्क्रीनवर स्वतःच्या नाकाला बोट लावलं. "आजी, हात!" मुलगी अशी किंचाळली की शेजारीण लाटणं घेऊन दारात आली. सासूबाईंनी हात धुतले, पुन्हा बांगड्यांसमोर बसल्या, आणि त्या दिवसापासून तो कॅमेरा त्यांच्यासाठी घरात नव्हता.

मी हे मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ कॅमेऱ्याचा स्क्रीन उघडत आणि मिटत बसली.

"तिला कुंकू लावायला रबराचा भाग चालणार नाही का?" तिने विचारलं.

"खडबडीत आहे. त्याच्यावर दिसणार नाही," मी म्हटलं.

"वर?"

"वर बटणं. पुढे डोळा. सपाट जागा एकच आहे."

"वाट लागली," ती म्हणाली, आणि चपला घालून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काच होती. स्टेशनबाहेरच्या काचवाल्याने तिला वेड्यात काढलं होतं म्हणे. "मॅडम, मोबाइलची लागली तर सांगा, कॅमेऱ्याला कोण लावतं?" मग अंधेरीला कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन तिने आणली. एवढे दिवस जिच्याविरुद्ध भाषणं ठोकली, ती काच तिने स्वतः आणली, आणि चेहरा असा की कोणी एक शब्द काढून बघावाच. कोणी काढला नाही. नवऱ्याचं तोंड उघडलं होतं, मी त्यात लाडवाचा तुकडा घातला.

काच लावायला धूळ नको, म्हणून तिने मोरीत गरम पाणी ओतून वाफ केली आणि आम्ही दोघी आत जाऊन दार लावलं. आमची मोरी म्हणजे एकाने वाकलं तर दुसऱ्याने श्वास सोडायचा. एवढं करून काच लागली तेव्हा तिच्याखाली एक केस होता. पांढरा होता. म्हणजे सासूबाई मोरीत न येताही तिथे हजर होत्या.

"राहू दे," मुलगी म्हणाली. "कोणासाठी लावतोय, तिचाच आहे."

स्क्रीन मिटून बघितला. तिने सांगितलं होतं तसंच, नीट मिटेना. तोंड अर्धं लपवून फुगून बसल्यासारखा दिसायला लागला.

दसऱ्याला सकाळी तिने कॅमेरा स्वतः पाटावर ठेवला, स्क्रीन बाहेरच्या अंगाला करून. म्हणाली, "आजी, आता हात लावला तरी चालेल. काच आहे."

सासूबाईंनी पान्याला कुंकू लावलं, पकडीला लावलं, कात्रीला लावलं. मग कॅमेऱ्यासमोर जरा थांबल्या. आणि अंगठा कुंकवात बुडवून असा दाबला की कॅमेरा पाटावर मागे सरकला. वर अक्षता, वर झेंडूचं फूल. फूल घसरलं, त्यांनी पुन्हा ठेवलं. मुलगी बघत होती. किंचाळली नाही. आजीने तिला प्रसाद देताना म्हटलं, "घे गो चेडवा." हे "वाढ" आणि "पुरे"च्या पुढचं पहिलं बोलणं.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण जेवणं झाल्यावर मुलगी साडी नेसून आली, कारण संध्याकाळी मुलुंडला साखरपुडा होता, आणि तिने पाटावरच्या कॅमेऱ्याला हात घातला.

"हात लावू नको!" या वेळी सासूबाई किंचाळल्या. "उद्या सकाळपर्यंत उचलूचा नाय. आज हत्यारांचो आराम."

"आजी, माझी ऑर्डर आहे!"

"तुझ्या आज्याक मिलमधसून बोलावणा इल्ला, तरी पानो उचलूक नाय."

"दसऱ्याला मिल बंद असायची," नवरा पुटपुटला, पण पेपरच्या मागून.

"आजी, मी आज गेले नाही तर उद्यापासून मला कोणी बोलावणार नाही. मग पुढच्या वर्षी काय ठेवशील पाटावर?"

"मगे कित्याक ठेवलंस आज? खेळणा असता तर ने म्हटलं असतंय!"

दोघींचंही बरोबर होतं, हा खरा त्रास. कॅमेरा खेळणं म्हणून पाटाबाहेर राहिला असता तर ती सुखाने गेली असती. हत्यार झाल्यावर अडकली. मुलीचा फोन वाजायला लागला, पार्टी विचारत होती निघालात का. ती 'निघालेच, निघालेच' म्हणत पाटासमोर उभी होती. सासूबाई पाटासमोर मांडी घालून बसल्या होत्या, जशा आता पुढच्या दसऱ्यालाच उठतील.

मला बोलता येत नाही. पण उसवायला येतं, त्यासाठी मी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आहे. मी खाली बसले, कॅमेरा न उचलता ते नख काचेच्या कोपऱ्याखाली घातलं आणि हळूहळू काच सोडवली. वर कुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी, खाली पांढरा केस, सगळं तिला तसंच चिकटलेलं. ती मी पाटावर पान्याशेजारी ठेवली. मग मागे सरकले. देऊळ फोडल्यासारखं वाटत होतं.

सासूबाईंनी काचेकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्यावर कुंकवाचा ठिपकाही नव्हता.

"गंध खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"काचेवर, आई," मी म्हटलं.

"मगे पूजा काचेची झाली. ती हंयच रवांदे." आणि नातीला, जणू तीच उशीर करते आहे असं, "तू बघतंस काय? जा!"

मुलगी कॅमेरा गळ्यात अडकवून जिन्यावरून अशी धावली की निऱ्या हातात होत्या. रात्री आम्ही सोनं वाटून जेवायला परत आलो तेव्हा ती येऊन बसली होती. मला बाजूला घेऊन तिने स्क्रीन दाखवला. मधोमध एक ओरखडा, कोपऱ्यापर्यंत.

"नवरीच्या आत्याने ओढून घेतला. 'बघू बघू, मी जाडी नाय ना दिसत?' आणि बांगडी घासली."

"दिसत होती का?"

"आई!"

काच असती तर, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. आयुष्यभर गप्प बसण्याची सवय केली, ती त्या दिवशी कामाला आली.

दुसऱ्या दिवशी पाट उचलला तेव्हा काचेचं काय करायचं कोणाला कळेना. पूजा झालेली वस्तू टाकता येत नाही. नवऱ्याने ती कागदात गुंडाळून पान्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली. मुलीने दुसरी काच आणली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आता काय वाचवायचंय?" पण वैतागून नाही म्हणाली.

यंदाच्या दसऱ्याला तिने ऑर्डर घेतली नाही, दुसऱ्या दिवसाची घेतली. वर्षभरात कॅमेऱ्याचा पट्टा उसवला होता, तो मी शिवून दिला. रबर एका बाजूला गुळगुळीत झालंय, स्क्रीनवर पहिल्या ओरखड्याला सोबती आलेत. तिने तो पाटावर ठेवला आणि बाजूला झाली. सासूबाईंनी अंगठा कुंकवात बुडवून थेट स्क्रीनवर दाबला. कुंकू त्या मोठ्या ओरखड्यात जाऊन बसलं. मुलगी म्हणाली, "आजी, अजून थोडं डावीकडे." सासूबाई म्हणाल्या, "तू गप ऱ्हव."

तेवढ्यात नवऱ्याने पेटीतून ती काच काढली, फुंकर मारून पुसली आणि मोठ्या काळजीने पान्याच्या शेजारी मांडली. वर्षभरानेही नव्यासारखी होती. एक ओरखडा नाही.

सासूबाईंनी ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"ही कित्याक?" त्या म्हणाल्या. "ही खंय गेल्ली कामाक?"