पिस्तुलांचे परीक्षक भालेराव काका

गोळ्या झाडून झाल्या की भालेराव काका टार्गेटकडे पाठ फिरवत. रेंजवरचे बाकीचे लोक माना उंचावून, डोळे बारीक करून आपली भोकं कुठं पडली ते शोधत असायचे. काका मात्र पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवत, खिशातली पेन्सिल काढत आणि एका कोऱ्या टार्गेटवर दहा ठिपके काढत. आपली प्रत्येक गोळी आपल्या मते कुठं लागली असेल, त्याचा एकेक ठिपका. मग रमतगमत पंचवीस यार्ड चालून जात आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरत. "आधी लिहायचं, मग पाहायचं," ते म्हणत. "आधी पाहिलं ना बाप्पा, तर जो तो म्हणते, मी तिथंच मारून राहिलो होतो!"

माझी त्यांची ओळख फ्रिस्कोतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढं एक सडपातळ गृहस्थ उभे होते. रेशमी कुडता, कपाळाला गंध, हातात मसालेभाताची प्लेट. आणि शेजारच्या माणसाला ते पिस्तुलाचा चाप किती वजनाला सुटावा हे समजावत होते. मी कान टवकारले. माझं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर दोनदा रेंजवर जाऊन मी त्या खेळाच्या प्रेमात पडले होते. हे घरी नवऱ्याखेरीज कुणाला सांगायची सोय नव्हती. मराठी मंडळींत बॅडमिंटन चालतं, मॅरेथॉन तर फारच चालते, पण बाईमाणसानं पिस्तूल धरलं म्हटलं की लोक पुरणपोळीचा घास तोंडाशी धरून थांबतात. मी धीर करून म्हटलं, "काका, मलाही शिकायचंय." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काम काय करते तू?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढते. ये मग रविवारी."

काका मूळचे नागपूरचे. तिकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढलेली. पत्नी गेल्यावर समीरनं, त्यांच्या मुलानं, त्यांना इकडं आणलं. इकडं आल्यावर निवृत्त बाप काय करतो? नातवंडांना शाळेतून आणतो, बागेत टोमॅटो लावतो आणि दुपारी पेंगतो. काकांनी तिन्ही करून पाहिलं. मग समीरच्या एका सहकाऱ्याबरोबर ते एकदा रेंजवर गेले आणि त्यांच्यातला तपासनीस खडबडून जागा झाला. नेमबाज म्हणून ते बरे होते, पण परीक्षक म्हणून त्यांच्या तोडीचं तिथं कुणी नव्हतं. स्पर्धेसाठी नवं पिस्तूल घ्यायचं असलं की क्लबातले लोक आधी त्यांच्याकडं आणत. ते आठवडेच्या आठवडे ते वापरत, पाच प्रकारच्या गोळ्या घालून बघत, पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड कुठं अडते ते टिपत आणि शेवटी दोन पानी अहवाल लिहून क्लबाच्या फळ्यावर लावत. त्या दोन पानांवर आसपासच्या तीन-चार क्लबांतले लोक पिस्तूल घ्यायचं की नाही ते ठरवत. कंपन्यांच्या जाहिरातींवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणत, "लग्नाच्या बायोडाट्यात कोणता मुलगा निर्व्यसनी नसते?"

त्यांचे दोन नियम होते. पहिला असा की परीक्षण चालू असेपर्यंत त्या पिस्तुलाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. "दोन हात, दोन मतं. मग खरं कोणतं?" दुसरा नियम शिकणाऱ्यांसाठी. तुमचं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, तुम्ही भरायचं नाही, ते दुसरा कुणीतरी भरणार आणि मध्येच कुठंतरी एक खोटं, बिनदारूचं काडतूस घालणार. ते कितवं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ते आलं की चाप ओढला तरी नुसतं टक् होतं, पिस्तुलाला धक्का बसत नाही. आणि त्या क्षणी नळी खाली झुकलेली दिसली, तर तुम्ही आवाजाच्या भीतीनं आधीच हात दाबता हे जगजाहीर होतं. माझी नळी पहिल्या दिवशी इतकी झुकली की शेजारच्या लेनमधले आजोबा हसले. काका हसले नाहीत. "घाबरणं चूक नाही, पोरी. घाबरलो नाही म्हणणं चूक आहे."

तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले. मग लिंडाचं पिस्तूल आलं.

लिंडा ही पन्नाशीची बाई, रेंजपासून दोन तासांवरच्या एका लहान गावात तिची पिस्तुलं दुरुस्त करायची शेड होती. तिनं चार वर्षं खपून स्वतःचं पिस्तूल तयार केलं होतं. त्याच्या नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर होता, म्हणजे वरच्या अंगाला खाचा पाडलेला एक तुकडा. गोळीमागचा वायू त्या खाचांतून वर फेकला जातो आणि नळीला खाली दाबून धरतो. त्यामुळं पिस्तूल उसळत नाही, वर बसवलेल्या दुर्बिणीतला नेम धरायचा लाल ठिपका जागच्या जागी राहतो आणि दुसरी गोळी लगेच झाडता येते. मात्र त्याचा आवाज काळीज हलवणारा असतो आणि वायूचा झोत तोंडावर येतो. लिंडा टेबलावर पेटी ठेवत म्हणाली, "मिस्टर बी, तुम्ही हो म्हणालात तर मी हे दहा लोकांसाठी बनवीन. नाही म्हणालात तर ही शेड बंद करून मोठ्या दुकानात नोकरी धरीन." काका म्हणाले, "मी हो किंवा नाही म्हणत नसतो. पिस्तूल म्हणतं."

पाच आठवडे काका ते वापरत होते. एकदाही अडकलं नाही. चाप लोण्यासारखा होता. पण गोळ्या डावीकडं खाली जात होत्या. काकांच्या कागदावर ठिपके मध्यभागी, आणि टार्गेटवरची भोकं खाली डाव्या कोपऱ्यात. त्यांनी दुर्बीण बदलली, गोळ्या बदलल्या, वाळूच्या पिशवीवर हात टेकून झाडल्या. तेच. "नळीत दोष आहे," ते म्हणाले. "बाईनं मेहनत केली, पण नळी फसली."

मला मात्र नळीची शंका नव्हती. खरं सांगायचं तर मला त्याच्याही आधीपासून काकांचीच शंका होती.

दोन महिन्यांपूर्वी ते आमच्याकडं चहाला आले होते. आत कुकरची शिट्टी झाली आणि काका असे दचकले की अर्धा कप चहा त्यांच्या पायजम्यावर. ते हसून म्हणाले, "लोकांचे कान वयानं जातात, माझे उलट जागे झाले!" मीही हसले. पण त्यानंतर रेंजवर मी त्यांच्याकडं पाहत राहिले. चाप सुटायच्या आधी त्यांचे डोळे मिटत होते. डोळे मिटले तर लाल ठिपका कुठं होता हे कसं दिसणार? ते कागदावर काढत होते ते ठिपके पाहिलेले नव्हते, मनानं धरलेले होते. लिंडाच्या आधीची दोन पिस्तुलंही त्यांनी त्याच कारणानं, डावीकडं खाली मारतात म्हणून, नापास केली होती. तीही कॉम्पेन्सेटरवालीच, तशाच मोठ्या आवाजाची.

मी घरी निखिलला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू त्यांना काही सांगू नकोस हं. हर्ट होतील. सत्तरीचा माणूस आहे, एवढा एक आनंद आहे त्यांना." मला ते पटलं. पटलं कसलं, सोयीचं वाटलं. ज्या माणसानं मला पिस्तूल धरायला शिकवलं, त्याला मी काय सांगणार? लहान तोंडी मोठा घास. दिवसभर ऑफिसात मी इंजिनिअरांच्या चुका काढते, कुणाच्या बापाला भीत नाही. पण आपल्या माणसाची चूक दिसली की आपण तिला आदर असं नाव देतो आणि गप्प बसतो.

अहवाल लावायच्या आधीचा रविवार. वारा पडलेला होता, लिंडाही आली होती आणि लांब बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. काकांना एकदा शेवटचं मोजून बघायचं होतं. त्यांची बोटं सकाळी आखडलेली असत, म्हणून त्यांनी मॅगझीन माझ्याकडं दिलं. "भर गं मेघा. दहा."

माझ्या पिशवीत शिकाऊ लोकांसाठीची खोटी काडतुसं होती. गेली तीन वर्षं ती मी कितीजणांना घातली असतील, पण काकांच्या मॅगझीनमध्ये घालायची छाती कधी कुणाला झाली नव्हती. मी बाकाकडं पाहिलं. लिंडा तिच्या पिस्तुलाकडं बघत होती. मी चार खऱ्या गोळ्यांनंतर एक खोटं घातलं.

एक, दोन, तीन, चार. मग नुसतं टक्. आणि नळी झटकन खाली गेली, चांगली चार बोटं.

काकांनी पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि मागं न बघता म्हणाले, "परत भर. जागा बदल."

मी परत भरलं. या वेळी खोटं सातवं. नळी पुन्हा खाली. "परत." तिसऱ्या खेपेला आणखी वेगळ्या जागी. तेव्हाही तेच झालं. मग ते वळले. ते रागावतील अशी मी तयारी केली होती. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुले?"

"दोन महिने."

"दोन महिने," ते म्हणाले. "मग माझा मान ठेवून राहिली होती, का माझ्या हातून त्या बाईचं वाटोळं करून राहिली होती?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांना चाललं नाही. "रडू नको. कारखान्यात दर सहा महिन्यांनी आम्ही गेजच तपासायला पाठवत होतो. मोजायचं साधनच बिघडलं तर माल बिचारा काय करेल? माझं गेज तपासायचं राहून गेलं. मीच कोणाला जवळ येऊ दिलं नाही." मग त्यांनी आपलाच नियम मोडला. पिस्तूल माझ्या हातात दिलं. मी दहा गोळ्या झाडल्या, टार्गेटकडं पाठ फिरवून ठिपके काढले आणि आम्ही तिघं चालत गेलो. दहाही भोकं मधोमध, वाटीएवढ्या जागेत. लिंडानं तोंडावर हात घेतला.

फळ्यावर लागलेला तो अहवाल त्यांचा शेवटचा. पिस्तुलाबद्दल पाच ओळी होत्या, सगळ्या चांगल्या. उरलेल्या दीड पानात स्वतःच्या हाताचं परीक्षण होतं. त्यांची आणि माझी टार्गेटं शेजारी चिकटवलेली. आधीच्या दोन पिस्तुलांचा निकालही चुकला होता, त्यांच्या मालकांची मी माफी मागतो, असं त्यांनी नावांसकट लिहिलं होतं. पुढच्या रविवारी ते आले, पण गोळी झाडायला नाही. नवशिक्यांची मॅगझीनं भरत बसले. लिंडाच्या पिस्तुलाला वर्षभरात चाळीसेक मालक मिळाले.

दीड वर्षानं काकांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी समीरला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. समीरनं ते मला सांगितलं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणं बजावलं, "बाबांना कळू देऊ नकोस." भेटायला येणारा जो तो म्हणत होता, काका, आज चेहरा एकदम फ्रेश दिसतोय. समीरही म्हणाला, "बाबा, यू लुक मच बेटर टुडे," आणि कॉफी आणायला खाली गेला.

काकांनी माझ्याकडं मान वळवली. "तू सांग."

मी त्यांचा हात हातात घेतला. "नाही काका. बरे दिसत नाही तुम्ही. फार उतरलात."

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं. समीरला पाठव आत. आणि बाकीच्यांना म्हणावं, जरा बाहेर थांबा."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. पण मी त्यांना खरं सांगितलं त्या दुपारी समीर खोलीतून पाऊण तासानं बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते, आणि तो आता माझ्यावर तोंड टाकणार म्हणून मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. तो शेजारी बसला. म्हणाला, "बाबा आईविषयी बोलले. ती गेल्यापासून पहिल्यांदा."