पालुम्मा जेवतेय

माझी वहिनी सारीना देवळात गायला लागली की पाद्रीबाबा प्रार्थना घाईघाईनं उरकतात, पण त्याच आवाजाला आमच्या गाई लांबून धावत येतात. आमच्याकडे धारेच्या वेळी गाईला नावानं, सूर लावून बोलवायचं असतं. जिचं नाव घेतलं तीच येते. नावं सगळी वहिनीनं ठेवलेली. तिची सगळ्यात लाडकी पालुम्मा, म्हणजे पारवी. गोठ्याच्या दारात उभी राहिली तर आत उजेड येत नाही, एवढी ही पारवी.

वहिनीचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ बार्तोलो. माणूस सोन्यासारखा, पण हेकट. आमच्या वडिलांचा एक नियम त्यानं जिवापाड जपलाय: जेवणाऱ्याला उठवायचं नाही. भूकंपाचा धक्का बसला तेव्हासुद्धा तो वाडगा हातात धरून, चावत चावतच अंगणात आला होता.

त्या वर्षी रान करपलं आणि गवताच्या गंज्या ऑक्टोबरातच तळाला गेल्या. बार्तोलोनं ठरवलं, एक तोंड कमी करायचं. नोव्हेंबरातल्या सान मार्तिनोच्या सणानंतरच्या शनिवारी म्हातारी पालुम्मा गुरांचा दलाल चिच्चो याच्या हवाली करायची. वहिनीनं ऐकलं आणि हातातली बादली तिथंच ठेवून दिली.

"चारा मिळाला तर ठेवशील तिला?" तिनं विचारलं.

"कुठून आणणार आहेस? आभाळातून?"

"ओराट्सियोच्या घाण्यावरून. ऑलिव्हचं तेल काढलं की चोथा उरतो ना, तो."

"भट्टीत घालायचा तो? दुधाला वास मारेल. त्या दुधाच्या रिकोत्ताला मी तोंड लावणार नाही, सांगून ठेवतो."

"चीज काढल्यावर उरलेलं पाणी उकळून तुझा रिकोत्ता होतो. उरल्यासुरल्यातलं तू मिटक्या मारत खातोस, मग तिनं खाल्लं तर काय बिघडलं?"

"बघू," एवढंच म्हणून बार्तोलो उठला.

वहिनीनं लगेच ओराट्सियोला फोन लावला आणि गाडीभर नोत्सुलु धाडायला सांगितलं. आता गंमत अशी, की आमच्या बोलीत चोथ्यालाही नोत्सुलु म्हणतात आणि ऑलिव्हच्या बीलाही. बिया वाळवून जो तो पावाच्या भट्टीत जाळतो, म्हणून ओराट्सियोनं खडखडीत वाळलेल्या बियांची गाडी पाठवून दिली. वहिनीला वाटलं, चोथा असाच असेल. तिनं त्या कौतुकानं गव्हाणीत ओतल्या. पालुम्मानं एक घास घेतला, कुडुमकुडुम चावला, वहिनीकडे टक लावून पाहिलं आणि सगळा तिच्या बुटांवर टाकला.

बार्तोलो पोट धरून हसला. "अगं, गाय आहे ती, भट्टी नाही. काडी लावून बघ, पेटते का."

वहिनी तशाच बुटांनी घाण्यावर गेली. मी मागोमाग होतेच.

"मला बी नकोय, गर हवाय," ती म्हणाली.

"तो कशाला? ओला असतो, कुणी फुकटसुद्धा नेत नाही," ओराट्सियो म्हणाला. "आणि तसं सांगायचं ना. नोत्सुलु म्हटल्यावर मी काय समजू?"

"दोघांना एक नाव ठेवणाऱ्यानं गाय पाळलेली दिसत नाही," वहिनी म्हणाली, आणि चोथ्यातलं बी चाळून काढल्यावर उरलेला काळपट, ओला गर भरून घेतला.

उघडा ठेवला तर तो नासतो, म्हणून आम्ही दोघींनी पिंपांत घालून पायांनी दाबला आणि झाकणं घट्ट बसवली. पाय इतके जांभळे झाले की देवळात मोजे घालून बसावं लागलं. चवीला गर कडू. वहिनीनं त्यात कॅरबच्या गोड शेंगा कुटून घातल्या, थोडा भुसा मिसळला. पालुम्मानं आधी नुसतं हुंगलं, मग शेंगा तेवढ्या वेचल्या. नंतर एके सकाळी गव्हाण चाटूनपुसून लख्ख. मी वहिनीला मिठीच मारली.

शनिवारी सकाळी तांब्याच्या कढईत रिकोत्ता वर आला. वहिनीनं पावाच्या तुकड्यांवर गरमगरम ओतला. बार्तोलो हाताची घडी घालून दारात उभा.

"दे थोडा," शेवटी तो म्हणाला. "वास बघायला."

एक वाडगा संपला. दुसरा संपला.

"आला का वास?" मी विचारलं.

"नीट कळत नाही अजून," म्हणून त्यानं वाडगा पुन्हा पुढे केला.

तेवढ्यात चिच्चोचा ट्रक अंगणात आला. बार्तोलोनं वाडगा संपवला, मिशा पुसल्या आणि बाहेर गेला. दिलेला शब्द तो मोडत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पालुम्माऽऽ!" बार्तोलोनं सूर लावला.

काही नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. आतून नुसता चावण्याचा आवाज.

"बहिरी झाली की काय रे?" चिच्चो म्हणाला. "जा, दोरी लावून आण."

बार्तोलो दोरी घेऊन आत गेला. पालुम्मा शिंगांपर्यंत गव्हाणीत बुडाली होती. त्यानं वाकून गव्हाणीत पाहिलं. मग तशीच दोरी घेऊन बाहेर आला.

"ती जेवतेय," तो म्हणाला.

"जेवू दे की. मी थांबतो."

"नाही व्हायचं तिचं इतक्यात. पिंपंच्या पिंपं भरून ठेवलीत घरात." त्यानं दोरी खुंटीला अडकवली. "आणि आमच्यात जेवणाऱ्याला उठवत नाहीत. तूही बस चिच्चो, रिकोत्ता गरम आहे."

चिच्चोनं एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा कढईकडे, आणि बाकावर बसला.

वहिनी धावत गोठ्यात शिरली आणि देवळातल्या त्या आवाजात तिनं पालुम्माला हाक मारली. पालुम्मानं तिच्याकडेही ढुंकून पाहिलं नाही.