इंग्रज नव्हती ती

दवाखान्याच्या चौकीदाराने दाराशी सायकल टेकवली आणि म्हणाला, "बाई, अंग्रेज मॅडम चल बसी." रडणं बाजूलाच राहिलं, मी आधी त्याच्यावर खेकसले, "अंग्रेज कोणाले म्हणतं रे?" तो बिचारा सायकल घेऊन निघून गेला. या गोष्टीला आता महिना उलटून गेला, पण माझा राग काही उतरत नाही.

जोनबाई आमच्या बालाघाटच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. ऑस्ट्रेलियाची. पण गोरं कातडं दिसलं की आमच्याकडे तो अंग्रेजच, मग कुठूनही येवो! वारासिवनीच्या बाजारात पोरं "अंग्रेज, अंग्रेज" ओरडत मागे लागली की ती भाजीची पिशवी खाली ठेवायची, कमरेवर हात ठेवून वळायची. "अंग्रेज नाई. ऑझी!" पोरांना काय, नवा शब्द मिळाला. मग बाळंतिणींनी तो उचलला आणि ती सगळ्यांची ऑझीबाई झाली. डॉक्टरसाहेबांना ते खटकलं. असलं घरगुती नाव रोग्यांच्या तोंडी शोभत नाही, म्हणाले. ती म्हणाली, आमच्याकडे मजूर असो की मंत्री, सगळे ऑझीच. आम्हीच स्वतःला ठेवलेलं लाडाचं नाव आहे ते. कोणी हिणवून म्हटलं तर मी बघून घेईन... आणि तिने बघून घेतलंच असतं, इतकी ती खमकी होती.

मी तिथे आया म्हणून लागले, तेव्हा आम्ही बौद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते. कंपाउंडर मला आमच्या जुन्या जातीच्या नावाने हाक मारायचा, तीही सगळ्या वॉर्डासमोर. मी दात-ओठ खात बादली उचलायची. एकदा जोनबाईने ते ऐकलं आणि मला विचारलं, "तू सोताले काय म्हणते?"

"बौद्ध," मी म्हटलं.

ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सुना? बौद्ध. नाहीतर मालतीबाई. तिसरा नाव नाई." त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गावात एवढे शिकलेले, भाषणं ठोकणारे लोक, पण मला हा प्रश्न एकानेही कधी विचारला नव्हता.

शेवटच्या दुखण्यात मी तिच्याजवळच असायची. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मालती, माझ्या कबरीच्या दगडावर अंग्रेज लिहू देऊ नको." मी शब्द दिला.

आणि काय झालं? शोकसभेत एकामागून एक उठले आणि "इंग्रज असूनही" आमची सेवा केली म्हणून गळे काढू लागले. माझं डोकंच फिरलं. सभा संपल्यावर मी दवाखान्याच्या कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं, म्हटलं दगडावर ऑझीबाई लिहा. ते म्हणाले, "अहो बाई, बोलीतला शब्द दगडावर बरा दिसत नाही. आणि एका शब्दासाठी एवढा तमाशा काहून?"

"ज्याले त्याचं नाव न भांडता भेटलं, त्याले तो नुसता शब्दच वाटते साहेब," मी म्हटलं. "निदान ऑस्ट्रेलियाची तरी लिहा!" त्यांनी घड्याळात बघितलं.

गेल्या रविवारी दगड बसला. 'इंग्रज परिचारिका', मोठ्या काळ्या अक्षरांत. मी पाठ फिरवून निघालेच होते. तेवढ्यात लांजीकडच्या बायका आल्या, झेंडूच्या माळा घेऊन. सगळ्यांची बाळंतपणं जोनबाईने केलेली. वाचता एकीलाही येत नव्हतं. त्यांतली म्हातारी मला म्हणाली, "काय लिहिलं व माय? वाचून सांग."

अध्यक्ष बाजूलाच उभे होते. मी दगडासमोर गेले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "इथं आमची ऑझीबाई निजली आहे."

म्हातारीने त्या अक्षरांवरून हात फिरवला. "हौ," ती म्हणाली, "बराबर लिहिलं."