गालाला विचारलं का?

गालमास्तर कुठलीही गादी हातानं पारखत नसत. गाडीच्या रंगाला पॉलिश मारायची लोकरीची गोल गादी काउंटरवर ठेवली, की ते ती उचलायचे, डोळे मिटायचे आणि डाव्या गालावरून हलकेच फिरवायचे. उजव्या गालावर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता, तिथली कातडी मेलेली. म्हणून सगळा कारभार डाव्या गालाकडे. "जे गालाला टोचतंय ते रंगालाबी टोचतंय," हे त्यांचं शास्त्र. जिंतुरात कुणी नवी गादी घेतली, की दुसरा हमखास विचारायचा, "गालाला विचारलं का?"

मी तेव्हा रंगाच्या दुकानात नोकर होतो. घरी चार एकर कोरडवाहू आणि नावाला पाटीलकी, एवढ्या भांडवलावर बी.ए. झालो आणि तापलेल्या पत्र्याखाली थिनरचा वास घेत अडकून पडलो. मास्तर मला "पाटील" म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच कळलं नाही.

रंग घासायचं कंपाउंड ते अंगठ्याच्या नखावर चोळून बघायचे. नखाची चमक गेली तर ते जाडं, जुने ओरखडे घासून काढायला. चमक वाढली तर बारीक, शेवटच्या हाताला. एकदा मी शहाणपणा करून एका काळ्या गाडीला नुसतं जाडं कंपाउंड पुरे, असं म्हणालो. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "पाटील, पांढरा रंग पोटात ठेवतोय. काळा रंग चुगली करतोय!" जमिनीवर पडलेली गादी ते पुन्हा गाडीला लावत नसत. वाळूचा एक खडा आख्खं बॉनेट खातो, म्हणायचे.

मास्तर ओढ्यापलीकडच्या वस्तीतले. त्यांच्या गालाला लागून नापसंत झालेली गादी पुन्हा खोक्यात ठेवायची नाही, पत्र्याच्या वेगळ्या डब्यात टाकायची, असा आमच्या शेठचा हुकूम होता. का, ते शेठ बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं. डबा भरला की शेठ त्याच गाद्या येलदरीकडच्या गिऱ्हाइकांना गुपचूप खपवायचे. त्यांचं सोवळं जिंतूरपुरतंच होतं.

एकदा औरंगाबादच्या एका मोठ्या गॅरेजनं मास्तरांना बोलावून घेतलं. चौथ्या दिवशी ते आमच्या काउंटरपुढं हजर.

"काय झालं, मास्तर?"

"तिथं कामाच्या आधी आडनाव इचारायलेत. हितं समद्यांना ठाऊकच हाय. सांगावं तरी लागत न्हाई."

ते हसले. दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे होते. आडनावावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरायचं, मग तो काही बोलो न बोलो.

अशाच एका बंदच्या दुपारी ते गादी निवडायला आले. शेठ जेवायला घरी गेले होते. चौकात दगड पडायला लागले तसं मी शटर खाली ओढलं आणि आम्ही दोघं आत अडकलो. मागच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. एका डॉक्टरांची काळी अँबॅसेडर मास्तरांच्या अंगणात उभी होती, मुलीच्या लग्नासाठी चमकवायला दिलेली. मास्तरांनी एक गादी गालावरून फिरवली, मग दुसरी, मग तिसरी. पुन्हा पहिली. शेवटी सगळ्या खाली ठेवून ते स्टुलावर बसले.

"पाटील, ह्या गालाला काईच कळंना झालंय. म्हैना झाला. नस मेली म्हनतेत."

आदल्या आठवड्यात एका जीपच्या दारावर त्यांच्या हातून चरे पडले होते. जीप पांढरी, म्हणून निभावलं. "ही गाडी काळी हाय. ही बिघडली तर गालमास्तर मेला समजा. मग कोन गाडी देईल माज्या हातात?" असं म्हणून त्यांनी पहिली गादी माझ्यापुढं धरली. "तुमचा गाल द्या जरा."

शटर बंद होतं. बघायला तिसरं माणूस नव्हतं. शेठही नव्हते. तरी माझा हात उठेना. दोन श्वासांचाच वेळ गेला असेल, पण मास्तरांनी तो पाहिला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि गादी पुसायला लागले.

"पुसून देतो," ते म्हणाले. रागानं नाही, रोजच्याच आवाजात.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पळावं म्हटलं तर बाहेर दगड. मी त्यांच्या हातातून गादी ओढून घेतली आणि गालाला लावली. टोचली. दुसरीही टोचली. तिसरी मऊ लागली.

"ही."

"नीट इचारा गालाला."

"हीच, मास्तर."

अँबॅसेडर आरशागत निघाली. डॉक्टर भर दुकानात म्हणाले, मास्तरांच्या गालाला तोड नाही. मास्तर छताकडं बघत राहिले, मी वजनकाट्याकडं. पुढं कैक वर्षं हे असंच चाललं. सकाळी मी गाद्या पारखून चांगली वर ठेवायची आणि मास्तरांनी गिऱ्हाइकादेखत डोळे मिटून ती गालावरून फिरवायची. माझ्या गालाला लागलेल्या नापसंत गाद्या मात्र मी बिनघोर खोक्यात परत ठेवत होतो. तो पत्र्याचा डबा उचलून फेकायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही. याची मला आजही लाज वाटते.

नामांतर झालेलं बघायला मास्तर राहिले नाहीत. आता गाद्या फोमच्या येतात, लोण्यासारख्या. मी आजही प्रत्येक गादी आधी गालाला लावतो, गिऱ्हाइकं हसतात. मला मात्र दर वेळी "पुसून देतो" ऐकू येतं, आणि कितीही मऊ असली तरी गादी टोचते.