मर्ना आत्याचा दरवान

मर्ना आत्याची नक्कल करायची तर आधी हनुवटी गळ्यात रुतवायची. मग डोळे वरच्या आरशात लावल्यासारखे करायचे आणि मागे पोरांनी भरलेली बस आहे असं धरून बोलायचं, समोर फक्त मांजर असली तरी. आत्याने हॅलब्रुकच्या शाळेची पिवळी बस इतकी वर्षं चालवलीय, की गावातले दाढीमिशीवाले बाप्येसुद्धा तिचा आवाज ऐकला की आधी खाली बसतात आणि मग विचारतात, काय झालं.

आत्या ही माझ्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान ओरेस्ट काका गेल्यापासून एकटीच असते, मूलबाळ नाही. घर आमच्या बरोबर समोर. मधे फक्त रस्ता. स्वयंपाकघरात पडदा बाजूला करून ती दिवसातून दहा वेळा आमच्या घराकडे बघते. तिला माझ्या आईचा हेवा वाटतो, आणि ही काही गुपित गोष्ट नाही. आजी गेली तेव्हा तिची पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, लाटायची फळी लेकीला न मिळता सुनेला मिळाली, तिथून हे सुरू झालं असं बाबा म्हणतात. आई म्हणते, छे, त्याच्याही आधीपासून आहे.

गावात बॅजर्स ही आइस हॉकीची टीम आली तेव्हा मी सातवीत होते. सोळापासून वीस वर्षांपर्यंतची पोरं, कुठून कुठून आलेली, आणि त्यांना ठेवायचं कुठे, तर गावातल्या घरांत. पोरगा ज्या घरात राहील त्या घरच्या बाईला म्हणायचं बिलेट-आई. तो तिच्या हातचं खाणार, तिच्या मशीनमध्ये ते भयंकर वासाचे मोजे टाकणार, आणि हंगामातली गावातली शेवटची मॅच संपली की बर्फावर लाल कार्पेट अंथरून, तिचा हात धरून, तिला सगळ्या गावासमोर घेऊन जाणार. स्टॅन माइकवरून तिचं नाव पुकारणार. स्टॅन एरवी खताच्या दुकानात असतो आणि अगदी माणसासारखा बोलतो. पण माइक हातात आला की त्याचं नाक बंद होतं आणि प्रत्येक आडनाव घसरगुंडीवरून सोडल्यासारखं लांबत लांबत जातं.

आत्याला त्या कार्पेटवर चालायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला. नाव पुकारून घ्यायचं आणि आईने ते बाकावर बसून बघायचं.

पण कुठल्या घरी कुठला मुलगा द्यायचा, हे ठरवायचं काम टीमने दिलं नेमकं माझ्या आईला. आत्याचा तोवर खोलीला निळा रंग देऊनही झाला होता. आई तिच्याशी बोलायला गेली तेव्हा मी सोबत होते. माझ्या आईचा आवाज काढणं सोपं आहे, शेजारच्या खोलीत कुणीतरी आजारी झोपलंय असं समजायचं. त्या आवाजात ती म्हणाली, की मर्ना, तुझ्याच भल्याचं सांगते, घरात एकच न्हाणीघर, त्यात तीन मांजरी, ही पोरं नाजूक असतात गं. आठवड्याने आमच्या घरी कीगन आला. माझ्या खोलीत. मी तळघरात, कपड्यांच्या मशीनशेजारी, त्याच मोज्यांच्या सहवासात.

कीगन होता मात्र वाऱ्यासारखा. पहिल्या हंगामात बॅजर्स जवळजवळ सगळीकडे हरले, पण जे थोडे गोल झाले त्यातले बहुतेक त्याचे. आईला तो ‘आई नंबर दोन’ म्हणायचा. आई हे वाण्याच्या दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे सांगायची, अगदी हळू आवाजात, म्हणजे लोकांना जवळ येऊन ऐकावं लागायचं. मार्चमध्ये ती त्याच्या हाताला धरून कार्पेटवर गेली, हातात फुलं. आत्या घोंगडी पांघरून माझ्याशेजारी बसली होती. ते कार्पेट दवाखान्याच्या दारातून आणलेलं दिसतंय, म्हणाली. आणि मार्चमध्ये कुठली आलीत फुलं, प्लास्टिकची असणार. सगळे गेल्यावर मात्र ती खाली उतरली, गुंडाळून उभ्या केलेल्या कार्पेटला बुटाच्या टोकाने जरा दाबून पाहिलं आणि निघाली.

दुसऱ्या हंगामात घरं कमी पडली आणि पोरं जास्त झाली. आईचा नाइलाज झाला. आत्याला मिळाला लेव्ही.

लेव्ही उत्तरेकडचा, क्री आदिवासी लोकांतला, जिथे विमानानेच जाता येतं अशा गावचा. हातापायांनी लांबलचक आणि बोलायला इतका कमी, की त्याची नक्कल करायची म्हणजे नुसतं दाराच्या चौकटीत वाकून उभं राहायचं. तो गोली होता, म्हणजे जाळं राखणारा. पण दुसरा गोली. म्हणजे पहिल्या गोलीला काही झालं तरच हा खेळणार, आणि पहिल्या गोलीला कधी काही व्हायचंच नाही. मग दुसऱ्या गोलीचं काम काय, तर बाकाच्या टोकाला बसायचं आणि आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, छोटं दार उघडायचं, लावायचं. उघडायचं, लावायचं.

“मर्नाचा दरवान कसा आहे?” आई विचारायची, त्याच आजारी-खोलीच्या आवाजात. आठवड्याभरात सगळं गाव त्याला दरवान म्हणायला लागलं.

आत्या चिडली, पण हरली नाही. मॅचच्या दिवशी दुपारी खेळाडू झोपतात. कीगन झोपला की आई गल्लीभर फोन करायची, बर्फ काढायची यंत्रं बंद ठेवा म्हणून. नेमकी त्याच वेळी आत्याची बस गरम करायची वेळ व्हायची. उणे तीसमध्ये डिझेल गोठतं, मी काय करू, असं म्हणत ती बस आणून आमच्या घरासमोर, बरोबर माझ्या म्हणजे कीगनच्या खिडकीखाली, घुर्र घुर्र करत उभी ठेवायची. आणि स्वतःच्या खिडकीवर तिने मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, ‘शांतता पाळा, गोली झोपला आहे’. गोली तेव्हा त्याच पाटीच्या खाली फावड्याने बर्फ ओढत असायचा.

तिला सगळ्यात झोंबायचं ते ‘आई नंबर दोन’. लेव्ही तिला मिसेस डचॅक म्हणायचा. पिरोगी तिसऱ्यांदा वाढून घेतानाही मिसेस डचॅक. बँकेतल्या माणसासारखं. रोज संध्याकाळी तो घरी आजीला फोन करायचा आणि तिथे मात्र त्याचा आवाज एकदम मऊ, “कोकुम, जेवलीस?” त्यांच्यात आजीला कोकुम म्हणतात. आत्या बटाटे कुस्करत ऐकत बसायची आणि मग मला म्हणायची, “बघ, बोलता येतं त्याला.”

आणि कीगनचा गोल झाला, की स्टॅन घसरगुंडी सोडायचा, गाव उठून उभं राहायचं, आणि आत्या टाळ्या वाजवता वाजवता दातांतल्या दातांत म्हणायची, “ह्याला न्या रे कुणीतरी. द्या कुठल्यातरी टीमला बदली. लांबच्या.”

तो फोन जानेवारीत आला. कीगन आमच्या टेबलावर दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेत होता. फोनवर प्रशिक्षक होते. कीगन दोनदा “हो सर” म्हणाला, आणि बटाटे तसेच राहिले. त्याची बदली झाली होती, थेट डोंगरांपलीकडच्या टीमकडे, रात्रीचीच बस. ही पोरं अशीच जातात, हे आईला माहीत होतं, दुसऱ्या बायकांना तीच समजावायची. तो गेला तेव्हा त्याचे मोजे अजून ड्रायरमध्ये फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या रस्ता ओलांडून आली. डोक्यावर अंत्ययात्रेला घालायची काळी टोपी, हातात झाकलेलं पिरोग्यांचं भांडं. आई टेबलाशी बसून कीगनच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती.

“ऐकलं गं, ग्लेंडा. फार वाईट झालं,” आत्या म्हणाली. आवाज बरोबर लागला होता. फक्त भुवया ऐकत नव्हत्या, त्या टोपीखाली नाचत होत्या.

आईने पुढचा मोजा उचलला.

“लांबच पाठवलं म्हणे.”

“हो.”

“मग बदल्यात काय मिळालं आपल्याला? काही मिळालं तरी का?”

“गोली,” आई म्हणाली. “वीस वर्षांचा. चांगला आहे म्हणतात.”

आत्याने भांडं खाली ठेवलं. “गोली कशाला? दोन आहेत की आपल्याकडे.”

“दोन होते, मर्ना.”

आत्याच्या भुवया तशाच वर राहिल्या, पण नाचायच्या थांबल्या. ती टोपीसकट खुर्चीवर बसली, आणि थोड्या वेळाने समोरचा एक मोजा उचलून त्याची जोडी शोधायला लागली.

लेव्हीला टीमने त्याच आठवड्यात सोडलं. जायच्या दिवशी सकाळी त्याने आत्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढला, “थँक्यू, मिसेस डचॅक,” म्हणाला आणि गेला. घरीसुद्धा पोचला नसेल, तेवढ्यात हमरस्त्यावरच्या पोर्टर्स रिजच्या टीमने त्याला उचललं. पोर्टर्स रिज म्हणजे आमचे कट्टर वैरी. तिथेही तो दुसराच गोली.

नवा गोली गावात आला तेव्हा आई स्वतःहून आत्याच्या दारात गेली. हे मला अजून खरं वाटत नाही. म्हणाली, तुझी खोली रिकामी आहे, ह्याला तू ठेव, म्हणजे मार्चमध्ये कार्पेटवर तूही येशील.

आत्याने दाराची कडी हातात धरून विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं, एका डोळ्यात कार्पेट होतं. मग म्हणाली, “नको. मला दरवानच बरा होता.” आणि दार लावलं.

मग तो नवा गोली, दाढीवाला, आमच्याकडे आला. माझी खोली परत त्याच्याकडे. त्या हिवाळ्यात आत्याला पोर्टर्स रिजमधला दातांचा डॉक्टर फार आवडायला लागला. दर शनिवारी संध्याकाळी ती तिकडे दात दाखवायला जायची आणि परत यायची ती ओरडून घसा बसलेला घेऊन. लेव्ही खेळायचा नाहीच. दार छान उघडतो, एवढंच ती सांगायची.

आमच्या गावातली शेवटची मॅच नेमकी पोर्टर्स रिजशी होती, आणि त्यांचा पहिला गोली पोट धरून झोपला होता. लेव्ही जाळ्यात उभा राहिला. सगळा रिंक बॅजर्सच्या हिरव्या रंगात, आणि पाहुण्यांच्या जाळ्यामागे, काचेला नाक लावून, आत्या एकटी. आमच्याच गावचा ब्रेट पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन सुटला तेव्हा तिने हनुवटी रुतवली आणि सगळ्या रिंकला ऐकू गेलं.

“ब्रेट कोझाक, सात वर्षं तुझ्या उलट्या पुसल्यात मी.”

ब्रेटचा पक काचेवर गेला. ब्रेट खाली बसला नाही एवढंच. पण त्यानंतर लेव्हीने पाच गोल खाल्ले, बॅजर्स जिंकले, आणि आत्या घोंगडी घट्ट ओढून खाली, रिंकच्या दाराशेजारी येऊन बसली.

कार्पेट अंथरलं गेलं. एकेक बिलेट-आई, एकेक मुलगा, स्टॅनची घसरगुंडी. आईची पाळी आली तेव्हा दाढीवाल्याने तिला फुलं दिली आणि कानाशी वाकून विचारलं, तुमचं नाव ग्लेनाच ना? ग्लेंडाची ग्लेना झालेली ओठांवरून मला कळलं. आत्यालाही कळलं असावं, पण ती हसली नाही. ती आईच्या फुलांकडे बघत होती. प्लास्टिकची म्हणाली नाही या वेळी.

शेवटचं नाव झालं आणि दोन पोरं एका टोकाकडून कार्पेट गुंडाळायला लागली. तेवढ्यात पाहुण्यांच्या बाजूने लेव्ही आला, पायांना ते उशांएवढे पॅड बांधलेले, केस घामाने चिकटलेले. पाहुण्यांनी असं बर्फावर परत यायचं नसतं. तो सरळ आत्यापुढच्या छोट्या दाराशी आला, कडी काढली, दार उघडलं आणि धरून उभा राहिला.

“कोकुम, चल.”

आत्याने मागे बघितलं, आणखी कुणाला म्हणतोय का. मग म्हणाली, “अरे, पायात बर्फाचे बूट आहेत माझ्या.”

“दार धरलंय मी,” लेव्ही म्हणाला.

ती उठली. घोंगडी खांद्यावर, पायात ते रबरी बूट, त्याच्या दंडाला धरून ती बर्फावर उतरली. कार्पेट अर्धं गुंडाळलेलं होतं. तिने गुंडाळणाऱ्या दोन पोरांकडे नुसतं पाहिलं. दोघंही तिच्या बसमधलीच. त्यांनी ते पुन्हा शेवटपर्यंत उलगडलं. स्टॅनने माइकवर दोनदा घसा साफ केला. आणि मग त्याचं नाक मोकळं झालं, खताच्या दुकानातल्या आवाजात तो म्हणाला, “आणि ही मर्ना. आपली मर्ना डचॅक.” आडनाव कुठेही घसरलं नाही. गाव उठून उभं राहिलं. वैऱ्याच्या गोलीसाठी.

आई फुलं घेऊन कठड्याशी उभी होती. टाळ्या वाजवता येत नव्हत्या, हात भरले होते ना. जानेवारीपासून ती रोज जेवणानंतर फोन उघडून कीगनचं काही आलंय का बघायची. त्याचं काही आलेलं नव्हतं.

घरी जाताना बाबा गाडी चालवत होते, दाढीवाला मागे माझ्याशेजारी झोपलेला. आई खिडकीतून बाहेर बघत होती. आमच्या पुढे आत्याची गाडी होती, आणि तिच्यात दोन डोकी दिसत होती. टीमची बस सुटेपर्यंत तिने लेव्हीला जेवायला पळवून नेलं होतं. आत्या वळली तशी आईची मानही तिच्यामागे वळली.

“बूट पाहिलेत तिचे?” आई म्हणाली. “कार्पेटवर सगळा चिखल केला.”

आवाज अजिबात हळू नव्हता. आणि हनुवटी पार गळ्यात रुतलेली.